मुंबईत एकटीने दोन दिवस फक्त खायला जायचंय, प्लॅन सांगा

तर्रीपोहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मी मुंबईला जाऊन राहिली आहे, एकटी, आणि फक्त खायला. बँकेत आहे त्यामुळे दुसरा शनिवार सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून विदर्भने निघून शनिवारी सकाळी सीएसएमटी, आणि रविवारी रात्री दुरांतोने परत म्हणजे सोमवारी सकाळी घरी आंघोळ करून थेट ब्रँच. तिकिटं दोन्हीकडची कन्फर्म आहेत.

मुंबईत मी पाच-सहा वेळा येऊन गेली पण दर वेळी लग्न नाहीतर हॉस्पिटल, सोबत आठ-दहा जण, आणि आठ-दहा जण असले की जिथे कोणाचंच काही म्हणणं नाही तिथेच जेवण होते, म्हणजे पावभाजी, डोसा, पनीर. ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) हा शब्द मी वीस वर्षांपासून वाचून राहिली आहे आणि अजून खाल्ला नाही. आता वय ३९, मुलगा दहावीत, नवरा म्हणाला जा तू मी बघतो, तर म्हटलं आता जायचंच.

मी सगळं खाते, मासे, मटण, कोंबडी (बीफ नाही). तिखटाचं टेन्शन नाही, सावजीवर वाढलेली आहे. पण पोट मोठं नाही, एका वेळी फार जात नाही. खरी अडचण वेगळीच आहे, मी आजपर्यंत हॉटेलात एकटी टेबलावर बसून जेवली नाही. डबा खाते ब्रँचमध्ये तो वेगळा. गर्दीच्या हॉटेलात एकट्या बाईला जागा देतात का, चार खुर्च्यांचं टेबल अडवलं म्हणून कोणी बोलत नाही ना? राहायचं कुठे, संध्याकाळनंतर कुठे जावं कुठे नको, हेही सांगा. जेवणावर तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. कॅफे, मॉल, बर्गर नको, ते इकडे पण मिळते.

धोबीतलाव_ते_ठाकूरद्वार

ताई, आधी तुमच्या एकटीने जेवण्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण बाकी सगळं त्यावरच आहे. मुंबईतल्या जुन्या खाण्याच्या जागांना एकटं माणूस नवीन नाही, उलट तेच त्यांचं मूळ गिऱ्हाईक. इराणी काय, उडुपी काय, मराठी खानावळ काय, घरदार गावाला ठेवून इथे कामाला आलेल्या माणसांच्या पोटासाठी उभ्या राहिलेल्या जागा आहेत या. म्हणून तिथे टेबल तुमचं नसतं, खुर्ची तुमची असते. समोर अनोळखी माणूस येऊन बसणार, तो त्याचं खाणार, तुम्ही तुमचं खायचं, कोणी कोणाकडे बघत नाही. आणि रांगेत तर एकट्याचा फायदाच, आत एक खुर्ची रिकामी झाली की दारावरचा माणूस ओरडतो "सिंगल कोण आहे, सिंगल?" आणि पुढचे चार जणांचे ग्रुप तसेच उभे राहतात. हात वर करायचा आणि आत जायचं.

शनिवारचं सांगतो. सीएसएमटीला उतरलात की सामान क्लोकरूमला टाका (बॅगेला कुलूप हवंच, बिनकुलपाची घेत नाहीत) आणि चालत मेट्रो सिनेमाकडे निघा, रमतगमत वीस मिनिटं. मेट्रोच्या समोर कयानी हे इराणी हॉटेल, १९०४ सालचं. लाल-पांढऱ्या चौकटींची टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या. ब्रून मस्का आणि चहा मागवा, आणि घाई करू नका. ब्रूनचा वरचा पापुद्रा कडक असतो, दातांनी तोडायला गेलात तर टाळूला लागतो, म्हणून कोपरा चहात बुडवायचा, मनात तीन-चार आकडे मोजायचे, लोणी वितळून चहावर पिवळे थेंब तरंगायला लागले की उचलायचा. मग अकुरी (पारशी पद्धतीची अंडा भुर्जी) नाहीतर खिमा पाव, दोन्ही नको. निघताना मावा केक बांधून घ्या, दुपारी उपयोगी पडतो.

तिथून क्रॉफर्ड मार्केट, मग काळबादेवी, भुलेश्वर असं पायीच फिरा. डिसेंबर म्हणजे उंधियूचे (गुजराती मिश्र भाजी) दिवस, सी. पी. टँकला हिरालाल काशीदास भजियावाला आहे, तिथे वजनावर मिळतो, शंभर ग्रॅम घेऊन चाखा, जांभळा कंद आणि मेथीचे मुठिये एकदम पहिल्या घासात यायला हवेत. भुलेश्वरच्या गल्ल्यांत चालणं हेही पोटासाठी औषध आहे, तासाभराने परत भूक लागते.

दुपारचं जेवण काळबादेवीला ठाकर भोजनालय, दादीशेठ अग्यारी लेन, पहिल्या मजल्यावर, १९४५ पासून. गुजराती थाळी. त्याच्याइतकी आपुलकीने वाढणारी थाळी मी मुंबईत दुसरी बघितली नाही, आणि एकट्या माणसाला एका बैठकीत पंधरा चवी कळतात ते थाळीतच, नाहीतर एकट्याने किती भाज्या मागवणार?

अर्धीप्लेट

वरच्यांशी ब्रून मस्क्यापर्यंत शंभर टक्के सहमत, थाळीला मात्र माझा ठाम विरोध आहे. मी सेल्समध्ये आहे, महिन्यातले बारा-पंधरा दिवस एकटाच जेवतो वेगवेगळ्या शहरांत, आणि खाण्यासाठी काढलेल्या दोन दिवसांत अनलिमिटेड थाळी म्हणजे अख्खा दिवस गेला हे मी स्वतः चार वेळा करून शिकलोय. ठाकरची थाळी उत्तमच आहे, त्यात वादच नाही, पण तिथली माणसं प्रेमाने वाढत राहतात आणि आपल्याला नको म्हणवत नाही, मग तीन वाजता रूमवर जाऊन आडवं, संध्याकाळी सातला भूक नाही, आणि तिकडे भेंडीबाजारातली नळी-निहारी (नळीच्या हाडांचा मंद शिजवलेला रस्सा) राहून जाते. ताईंनी स्वतःच लिहिलंय पोट मोठं नाही. दिवसाला तीनच बैठका धरा, त्यातली एकच भरपेट, बाकी दोन अशा की उठताना अजून थोडं जाईल असं वाटायला पाहिजे.

शनिवार आहे तर दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया या इराणी हॉटेलात जा. १९२३ चं आहे, फक्त दुपारी चालू असतं, चारच्या आसपास आवरतात, म्हणून साडेबारा-एकला पोचा. बेरी पुलाव. त्यातली बेरी म्हणजे इराणहून येणारं झरेश्क, लहान लाल वाळलेलं फळ, आंबट, आणि ते भातावर तळलेल्या कांद्याबरोबर पसरलेलं असतं, खाली मसाल्यातलं मटण. एका माणसाला तो जास्त होतो, त्यामुळे बसल्या बसल्याच अर्धा पार्सल करायला सांगा, संकोच करू नका. सोबत रास्पबेरी सोडा. आणि कॅरमल कस्टर्डला पोटात जागा ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या, अशा जुन्या ठिकाणी सगळीकडे यूपीआय धरून चालू नका.

धोबीतलाव_ते_ठाकूरद्वार

अर्धीप्लेट, तुमचा मुद्दा पोटाचा आहे आणि तो बरोबर आहे, पण मी सांगतोय ते ताईंच्या भीतीबद्दल. पहिल्यांदा एकटं जेवायला बसणाऱ्या माणसाला मेन्यूकार्ड, ऑर्डर, वाट बघणं, मोबाईलमध्ये डोकं घालणं हेच जड जातं. थाळीत ते काहीच नसतं, बसलं की ताट येतं, वाढणारा बोलत राहतो. म्हणून म्हटलं. बेरी पुलावला नाही कोण म्हणेल.

मोगरा_माटुंगा

ताई मी माटुंग्याची, तर रविवार सकाळ माझ्याकडे द्या 🙂

राहायचं आधी सांगते. एकटी आहात आणि फक्त झोपायलाच जाणार तर मुंबई सेंट्रल स्टेशनवर आयआरसीटीसीचं पॉड हॉटेल आहे, २०२१ ला सुरू झालं, त्यात लेडीजचे वेगळे पॉड आहेत, सामान फार नसेल तर सोयीचं. दुसरा पर्याय कुलाब्याकडे मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाऊस, ते महाग पडेल पण शांत. दोन्हीचं बुकिंग आत्ताच करा, डिसेंबर आहे.

आता माटुंगा. स्टेशनं दोन आहेत, माटुंगा सेंट्रलवर आणि माटुंगा रोड वेस्टर्नवर, आणि आपल्याला खायचंय ते सगळं पूर्वेला. मुंबई सेंट्रलहून येणार असाल तर स्लो लोकलने माटुंगा रोडला उतरा आणि झेड ब्रिजवरून रुळांच्या वरून चालत पूर्वेला या, सकाळी तो पूल चालायला छान आहे. उतरलात की फुलांचा वास येतो तिकडे वळायचं, गजरेवाले बसलेले असतात.

राम आश्रय पहाटे पाचला उघडतं, १९३९ चं. तुम्ही साडेसात-आठच्या आत या, रविवारी नऊनंतर फुटपाथवर गर्दी असते. एक इडली नाहीतर उपमा, आणि शिरा. शिऱ्याची चव रोज वेगळी असते, अननसाचा असेल तर सोडू नका. मग फिल्टर कॉफी. ग्लास वाटीत उलटा-सुलटा ओतून थंड करतात लोक, तुम्हीही करा. एवढंच खाऊन उठा. मग दोन तास माटुंग्यात फिरा, भाऊ दाजी रोडवर कॅफे मद्रासला रसम वडा किंवा पोडी इडली एक प्लेट घ्या, तिथे बाहेर नाव सांगून थांबावं लागतं, एकट्याचं नाव लवकर येतं हे खरंच आहे.

रामा नायकचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२) पण इथेच, स्टेशनला लागून, केळीच्या पानावर जेवण. पण मग दादरचे मासे होणार नाहीत. दोन्हीतलं एकच. माझं मत विचाराल तर नागपूरहून आलेल्या माणसाने मासे खावेत, केळीच्या पानावरचं पुढच्या वेळी.

ट्रेनमध्ये लेडीज डब्यातच चढा, रविवारी सकाळी रिकामा असतो. आणि शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) कुठे आहे ते बघून ठेवा, रविवारी कुठल्या ना कुठल्या लाइनवर असतोच.

बोहरी_मोहल्ला

शनिवार संध्याकाळ कोणीच सांगितली नाही म्हणून लिहितोय. माझं अख्खं आयुष्य भेंडीबाजारात गेलंय, आता मीरा रोडला राहतो पण जेवायला अजून तिकडेच जातो.

मॅडम, तिकडे एकट्या बाईने येण्यात अडचण नाही, आमच्या घरातल्या बायका रात्री अकराला खरेदी करून परत येतात. फक्त रस्ते अरुंद, हातगाड्या, बाइक, त्यामुळे पर्स पुढे धरा आणि सहा-सातच्या सुमाराला या, म्हणजे निवांत बसून खाता येईल. बऱ्याच हॉटेलांत वर फॅमिली सेक्शन असतो, "फॅमिली" म्हटलं तरी एकट्या बाईला तिथेच नेतात, वाईट वाटून घेऊ नका, पंखा चांगला असतो वर.

नूर मोहम्मदी, १९२३ चं. नळी-निहारी मागवा. निहारी हा शब्दच सकाळवरून आलाय, रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मटण सकाळी खायचं, पण आता संध्याकाळीही मिळतं. नळीतला मगज (हाडातला गर) तसाच चोखायचा नाही, नळी रश्श्यावर उलटी धरून ठोकायची, मगज रश्श्यात पडला की ढवळायचं, त्याने रस्सा अजून घट्ट होतो आणि चमकतो. वरून आलं, कोथिंबीर, लिंबू. बरोबर खमिरी रोटी, ती गरम असतानाच.

बारा हंडीबद्दल (वेगवेगळ्या हंड्यांत मंद शिजवलेलं मटण-पाया) कोणी ना कोणी सांगेलच, सुरती बारा हंडी आमच्या मोहल्ल्यातच आहे, पण तुम्ही लिहिलंय बीफ नाही, तर तिथे आणि अशा सगळ्याच ठिकाणी ऑर्डर देण्याआधी कुठलं मटण आहे ते विचारा. विचारल्याचा कोणालाही राग येत नाही, खरं तेच सांगतात.

शेवटी ताज आइस्क्रीम. १८८७ पासून. लाकडी बादलीत बर्फ-मीठ आणि मधे तांब्याचा डबा, हाताने फिरवून बनवतात, संचाचं म्हणतात. डिसेंबरला सीताफळ असेल तर सीताफळ. घट्ट असतं, चमचा रोवला तर उभा राहतो. घरी जायला मशीद बंदर नाहीतर सँडहर्स्ट रोड स्टेशन जवळ, पण रात्री सरळ टॅक्सी करा, मुंबई सेंट्रल लांब नाही.

गिरणगावची_नात

मासे दादरलाच खा. सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य, सगळी दादर पश्चिमेला, कुठेही गेलात तरी चालेल. थाळी घेताना सुरमई-पापलेटच्या मागे लागू नका, ते नागपूरला बर्फातलं का होईना मिळेल. ओला बोंबील मागा, रव्यात तळलेला. काट्यापासून सुटून येतो, जिभेवर ठेवला की विरघळतो, आणि तो समुद्रापासून लांब गेला की बोंबील राहत नाही. दुसरं मागायचं ते तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, ओल्या नारळात सुक्या केलेल्या. सोलकढी शेवटी प्या, मधे नको. रविवारी दीडनंतर अजिबात जाऊ नका, साडेबाराला दारात उभ्या राहा.

आणि वर कोणीतरी खानावळीचं लिहिलंय त्यावर थोडं. माझी आजी लालबागला चाळीत खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, तिच्यात घरचे सहा, आणि जेवायला गिरणीतले अठरा जण, पाळीप्रमाणे, दिवसपाळीवाले गेले की रात्रपाळीवाले. सगळे कोकण-घाटावरून एकटे आलेले. महिन्याचे पैसे पगाराला मिळायचे, तोपर्यंत वाण्याचं उधार. अशा खानावळवाल्या बायका गिरणगावात हजारोंनी होत्या, त्यांच्याच साठी प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणजे बँकेचं कर्ज मिळावं, सावकार सुटावा. ८२ चा संप झाला तेव्हा आजीने कितीतरी महिने बिनपैशाचं वाढलं. ती म्हणायची एकट्याचं ताट आधी वाढावं, त्याला दुसरं कोण विचारणार. त्यामुळे ताई, तुम्ही एकट्या जेवायला येताय म्हणून संकोच वाटतोय हे वाचून मला राहवलं नाही. इथे एकट्या माणसाला वाढायची रीत जुनी आहे. निर्धास्त या.

अर्धीप्लेट

आजींचं वाचून थांबलो थोडा वेळ. माझे आजोबा असेच एका बाईंकडे परळला जेवायचे, सातारकडचे होते. ताई, थाळीला जा हवं तर. दुपारी कमी खा म्हणजे झालं.

तर्रीपोहे

मंडळी, आली परत. लिहायला आठवडा लागला कारण मार्च एंड नसूनही ब्रँचमध्ये मार्च एंडसारखं चालू आहे.

शनिवारी गाडी पाऊण तास लेट, तरी कयानीला गेली. दारात दोन मिनिटं उभी राहिली हे कबूल करते, आत सगळे बोलत होते, हसत होते. मग एका काकांनी समोरची पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली, बोलले काही नाही, पेपर वाचत राहिले. मी बसली. ब्रून तसाच बुडवला जसा सांगितला होता, पिवळे थेंब आले वर. दुसरा कप चहा पण घेतला. कितीतरी वर्षांनी मी खाताना कोणाला काही वाढत नव्हती, कोणाचं ताट बघत नव्हती, फक्त खात होती.

दुपारी बेरी पुलावच. अर्धा पार्सल केला आणि तो संध्याकाळी साडेपाचला पॉडवर जाऊन थंडच खाल्ला, थंड जास्त आवडला मला, आंबट जास्त लागते. उंधियू शंभर ग्रॅम सांगितला होता, मी अडीचशे घेतला, त्यामुळे नळी-निहारीला आठ वाजले. वर फॅमिलीत बसवलं, शेजारच्या टेबलावर एक बाई आणि तिच्या तीन मुली, मला नळी ठोकता येईना तर त्यातल्या मधल्या मुलीने हात धरून दाखवलं. सावजीच्या पुढे तिखट काहीच नाही, पण इतका खोल रस्सा मी आजपर्यंत खाल्ला नाही, तिखट नसूनही जिभेवर रात्रभर होता. ताजला सीताफळ मिळालं.

रविवारी झेड ब्रिजवरून माटुंगा, अननसाचा शिरा, कॉफी, सगळं जसंच्या तसं. फक्त दादरला चुकलं. साडेबाराला दारात उभी राहा म्हणून ताईंनी सांगितलं होतं, मी माटुंग्यात साडेबारापर्यंत फिरत बसली, एका नावाजलेल्या ठिकाणी पोचली तर पाऊण तास उभं ठेवून सांगितलं बोंबील संपला. खूप वाईट वाटलं, खरं सांगते, नागपूरहून त्याच्याचसाठी आली होती. मग तशीच मागच्या गल्लीत शिरली, तिथे एक लहानशी खानावळ, पाच टेबलं, काचेवर खडूने मासे लिहिलेले. एका टेबलाशी सत्तरीच्या आजी एकट्या जेवत होत्या, त्यांच्या समोर जागा होती. बोंबील होता! तीन तुकडे, रवा अजून चुरचुरत होता, आणि आतून खरंच काहीच नाही, नुसतं पाणी झाल्यासारखा मऊ. आजी माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी त्यांच्या तिसऱ्यांची वाटी पुढे सरकवली, म्हणाल्या "शिंपली हातात घे, चमच्याने नाही यायचं." त्या दर रविवारी येतात म्हणे, घरी एकट्याच आहेत, एकटीसाठी तिसऱ्या साफ करणं होत नाही आता.

एकूण खाण्यावर २,७०० झाले, मावा केक आणि कॉफी पावडर धरून. माटुंग्याला समोर दळून दिली, अर्धा किलो, थोडी चिकोरी घातलेली, दुरांतोत अख्ख्या डब्याला वास. पितळी फिल्टर पण घेतला. काल पहिल्यांदा केली तर डिकॉक्शन दोन तासात अर्धी वाटी पण उतरलं नाही. मोगरा ताई, पावडर वरून दाबायची राहते की सैल ठेवायची?

मोगरा_माटुंगा

अगदी हलक्या हाताने दाबायची, नुसती सपाट होईल एवढीच, तुम्ही जास्त दाबली असणार. पाणी उकळतं हवं, मधोमध न ओतता गोल गोल ओता, आणि आधी दोन चमचे ओतून अर्धं मिनिट पावडर फुगू द्या, मग बाकीचं. रात्री लावून ठेवा, सकाळी तयार.